हसऱ्या मुलाचे दुखणे

वाऱ्यावर उडणारे दाट केस, उन्हाने रापलेला चेहरा, शिडाच्या होडीत बसलेला हसरा तरुण. जॉन केनेडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर असेच काहीसे चित्र उभे राहते. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. इतक्या कमी वयाचा माणूस निवडणूक जिंकून त्या पदावर त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यानंतरही आलेला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास शहरात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. वयाच्या ४६ व्या वर्षी गेलेला माणूस पुढे म्हातारा होत नाही; लोकांच्या मनात तो कायम तरुण आणि तंदुरुस्तच राहतो.

प्रत्यक्षात हा माणूस जन्मभर आजारी होता. चेहऱ्याचा तो रापलेला रंगही सगळाच उन्हाने दिलेला नसावा, असे डॉक्टर मानतात, कारण त्यांना जो विकार होता त्यात कातडी काळवंडते. इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना २००२ साली केनेडींचे वैद्यकीय कागद पाहायला मिळाले आणि दुखण्यांची ती यादी जगासमोर आली. अध्यक्षांच्या त्या दुखण्यांवर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या साऱ्याची सुरुवात झाली ती ऐन शाळकरी वयात. घरी ज्याला जॅक म्हणत त्या मुलाची तेरा ते एकोणीस ही वर्षे आजारपणाने कशी कुरतडली आणि त्या वर्षांत त्याने मित्र कसे राखले, ही कहाणी राजकारणापेक्षाही आपल्या घराच्या जवळची आहे.

जॅकचा जन्म २९ मे १९१७ चा. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावातला. नऊ भावंडांत तो दुसरा. वडील जोसेफ केनेडी अफाट पैसा कमावलेले आणि मुलांनी प्रत्येक शर्यत जिंकलीच पाहिजे असा दंडक असलेले. आई रोझ अतिशय शिस्तीची. प्रत्येक मुलाचे आजार, टोचलेल्या लशी, दातांच्या तक्रारी यांची नोंद ती वेगवेगळ्या कार्डांवर करून ठेवी. जॅकचे कार्ड भराभर भरत गेले. तीन वर्षांचा व्हायच्या आतच त्याला स्कार्लेट फीवर या जिवावर बेतणाऱ्या तापाने गाठले आणि तो मोठा काळ इस्पितळात होता. त्यातून तो वाचला. पुढेही काही ना काही चालूच राहिले.

तेराव्या वर्षी, १९३० च्या शरदात, त्याला कॅंटरबरी नावाच्या निवासी शाळेत घातले. घरापासून दूर राहण्याची ती पहिलीच वेळ. काही महिन्यांतच वजन घटू लागले, थकवा येऊ लागला. पुढच्या वसंतात पोटात कळा आल्या. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली आणि ते वर्ष घरी शिकवण्या लावून पुरे करावे लागले. नव्या शाळेत पहिल्या वर्षी मुलांचे गट जमतात, टोपणनावे पडतात, कोणी कोणाशेजारी जेवायला बसायचे ते ठरते. नेमक्या त्याच वर्षी हा मुलगा अंथरुणात होता. सवंगड्यांच्या लेखी तो आला काय आणि गेला काय, सारखेच.

१९३१ साली तो कनेक्टिकट राज्यातल्या वॉलिंगफर्ड येथील चोट या नामांकित शाळेत दाखल झाला. तिथे आधीपासून होता त्याचा थोरला भाऊ, ज्यो. दोन वर्षांनी मोठा, धिप्पाड, अभ्यासात आणि फुटबॉलमध्ये पुढे, मास्तरांचा लाडका. शाळेतून बाहेर पडताना त्याने खेळ आणि अभ्यास या दोहोंसाठी मिळणारा मानाचा करंडकही पटकावला. जॅक मात्र हडकुळा, अंगावर कपडे लोंबणारे. फुटबॉलच्या मुख्य संघात शिरण्याइतके अंगात बळ नाही. चोटसारख्या शाळेत मुलाची किंमत मैदानावर ठरे, आणि मैदान तर त्याला बंद.

शाळेच्या आवारात आजारी मुलांसाठी दवाखाना होता. जॅक तिथला जणू कायमचा रहिवासी झाला. कधी सर्दी-ताप, कधी सुजलेल्या गाठी, कधी पोट, कधी नुसताच न जाणारा अशक्तपणा. मुख्याध्यापकांच्या पत्नी त्याच्या आईला पत्रे पाठवून प्रकृती कळवीत. डॉक्टर येत, वजन घेत, टॉनिक देत. नेमके काय झाले आहे हे मात्र कोणालाच सांगता येईना.

ज्या दुखण्याला नाव नाही ते शाळकरी वयात विशेष जाच करते. हात मोडला तर प्लास्टर दिसते, मित्र त्यावर सह्या करतात, चार दिवस कौतुक होते. पण आज बरा, उद्या आडवा, परवा पुन्हा हजर, अशा मुलाचे काय करायचे ते मुलांना कळत नाही. सुरुवातीला चौकशी होते, मग चेष्टा, मग सवय. संघाची यादी करताना त्याचे नाव आपोआप गळते. तो येणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. जॅकच्या वाट्याला हेच आले.

त्यावर त्याने शोधलेले उपाय दोन. एक वाचन. अंथरुणावर पडल्या पडल्या तो इतिहास वाची. पहिल्या महायुद्धावरचा चर्चिल यांचा मोठा ग्रंथ त्याने याच वयात वाचला. न्यूयॉर्क टाइम्स हे दैनिक त्याने शाळेत असतानाच स्वतःसाठी लावून घेतले होते. दुसरा उपाय हसण्याचा. स्वतःच्या आजाराची टवाळी तो इतरांच्या आधी स्वतःच करू लागला. कोणी कीव करायच्या आत विनोद करून मोकळे व्हायचे, ही युक्ती दुखणाईत मुलांना फार लवकर साधते. वर्गातला गमत्या मुलगा म्हणून त्याचे नाव झाले. खोलीत पसारा, वह्या हरवलेल्या, मास्तर वैतागलेले आणि मुले भोवती गोळा झालेली. दवाखान्यातून परतला की तो अधिकच दंगा करी, जणू बुडालेले दिवस वसूल करून घ्यायचे होते.

अशा दंगेखोर मुलाला मित्र पुष्कळ असतात. त्यातला खरा कोण, हे कळायला मात्र आजारपणच लागते.

१९३३ साली शाळेच्या वार्षिकाचे काम करताना जॅकची ओळख लेम बिलिंग्ज या मुलाशी झाली. लेम पिट्सबर्गच्या एका डॉक्टरांचा मुलगा. उंच, दणकट, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, आणि हसणे साऱ्या खोलीत घुमेल असे. घरची सुबत्ता १९२९ च्या मंदीत गेलेली, त्यात १९३३ सालीच वडील वारले. एकाला पैशाची ददात नव्हती पण प्रकृतीची हमी नव्हती. दुसऱ्याची प्रकृती उत्तम, पण खिसा रिकामा. दोघांची गट्टी अशी जमली की लेम एक वर्ष पुढे असूनही त्याने शाळेत आणखी एक वर्ष काढले आणि १९३५ साली जॅकबरोबरच शाळा सोडली.

१९३४ च्या हिवाळ्यात जॅकचे दुखणे विकोपाला गेले. अंगावर गांधी उठल्या, वजन झपाट्याने उतरले, रक्ताच्या तपासणीचे आकडे डॉक्टरांना घाबरवणारे आले. त्याला न्यू हेवनच्या इस्पितळात हलवण्यात आले. हा रक्ताचा कर्करोग तर नसेल, अशी शंकाही घेतली गेली. शाळेच्या प्रार्थनामंदिरात मुलांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. कालपर्यंत ज्याच्याबरोबर खिदळत होतो त्याच्यासाठी आज हात जोडायचे, हे त्या वयाच्या मुलांना किती जड गेले असेल! तो बरा होऊन परतला खरा, पण काय झाले होते ते तेव्हाही कोणाला कळले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याला मिनेसोटा राज्यातल्या प्रख्यात मेयो क्लिनिकमध्ये पाठवले. वय सतरा. घरची मंडळी आणि भावंडे समुद्रकाठच्या घरी सुट्टीची मजा करीत असताना हा मुलगा शेकडो मैलांवर, अनोळखी माणसांत, महिनाभर तपासण्या सोशीत पडला होता. पोटाच्या तपासण्या, एनिमा, नळ्या, रोज नवे डॉक्टर आणि नव्या परिचारिका. या वयात मुलाला स्वतःच्या अंगाची विलक्षण लाज असते. आईसमोरही कपडे बदलायला संकोचणाऱ्या मुलाला तिथे दहा परक्या माणसांसमोर उघडे पडावे लागत होते.

तिथून त्याने लेमला पत्रांमागून पत्रे लिहिली. ती पत्रे थट्टेने भरलेली आहेत. थोडी आगाऊ, थोडी चावट, घरच्या मोठ्यांना दाखवण्याजोगी मुळीच नाहीत. तपासण्यांची वर्णने तो अशी रंगवतो की वाचणाऱ्याला हसू आवरू नये. मध्येच एखादे वाक्य निसटते आणि कळते, की याला खूप दुखते आहे. आपल्याला काय झाले आहे हे एवढ्या मोठ्या डॉक्टरांनाही उमगत नाही, याची त्याला भीती वाटते आहे. लगेच पुन्हा विनोद. ही कबुली त्याने फक्त लेमपाशी दिली असेल असे नाही, पण अशा मोकळेपणाने दिली ती त्यालाच. कारण लेमने त्याची कीव केली नाही आणि उपदेशही केला नाही. त्याने थट्टेला थट्टेने उत्तर दिले, शाळेच्या बातम्या कळवल्या, आणि मित्राची जागा राखून ठेवली. जॅकचे चरित्र आपण लिहिले तर त्याला वैद्यकीय इतिहास असेच नाव द्यावे लागेल, अशी गंमत दोघांत चाले. मेयोच्या डॉक्टरांनी आतड्याला सूज असल्याचे निदान केले, पथ्य सांगितले आणि घरी पाठवले.

शाळेच्या शेवटच्या वर्षी दोघे एकाच खोलीत राहत. जॅकच्या स्वभावातला सगळा उधळेपणा त्या वर्षी बाहेर आला. शिस्त मोडणाऱ्या मूठभर मुलांना मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीरपणे मकर असे हिणवले. मकर म्हणजे घाण उपसणारा. जॅक आणि लेम यांनी ताबडतोब मकर्स क्लब स्थापन केला. तेरा सभासद, आणि खूण म्हणून प्रत्येकाजवळ सोन्याचे इवलेसे फावडे! संध्याकाळी जॅकच्या खोलीत मैफल जमे, ग्रामोफोन वाजे, पुढच्या खोड्यांचे बेत शिजत. मुख्याध्यापकांना सुगावा लागला, मुलांना काढून टाकण्यापर्यंत पाळी आली, आणि जोसेफ केनेडींना कामे टाकून शाळेत धावावे लागले. जॅकला प्रेस्कॉट लेकी या मानसशास्त्रज्ञांकडेही पाठवले. थोरल्या भावाशी होणारी तुलना या मुलाला छळते आहे, हे त्यांनी बरोबर हेरले.

त्या तुलनेत आजाराची भर होती, हेही आपण आज जोडू शकतो. ज्या मुलाला मुख्य संघात जागा मिळत नाही, तो स्वतःचा संघ काढतो. मास्तरांना तो वाह्यातपणा वाटला. तो तसा होताही. पण दवाखान्यातल्या एकलकोंड्या खाटेवरून उठून आलेल्या मुलाभोवती बारा मुले स्वखुशीने जमली, ही गोष्ट त्याला कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाची वाटली असणार. वर्गातल्या ११२ मुलांत त्याचा क्रमांक साठीच्या पुढचा होता. तरीही शाळा सोडताना पुढे सर्वाधिक यशस्वी कोण होईल, या मतदानात मुलांनी निवडले ते जॅकला. मतांसाठी मित्रांनी आपसात थोडी देवाणघेवाण केली होती, हेही खरे.

शाळा संपली, दुखणे संपले नाही. १९३५ साली शिक्षणासाठी तो लंडनला गेला आणि आजारी पडून परतला. मग लेमबरोबर राहता यावे म्हणून प्रिन्स्टन विद्यापीठात उशिरा नाव घातले. जेमतेम सहा आठवडे झाले आणि तेही सोडावे लागले. बरोबरीची मुले पहिल्या वर्षाचे नवे आयुष्य जगत होती आणि जॅक बॉस्टनच्या इस्पितळात सुमारे दोन महिने रक्त तपासून घेत पडला होता. पुन्हा कर्करोगाची शंका, पुन्हा ती खोटी ठरणे. डॉक्टर मनातल्या मनात आपल्या शवपेटीचे माप घेत आहेत, अशा आशयाची थट्टा त्याने लेमला लिहिलेल्या पत्रात केली. अठरा वर्षांच्या मुलाने करायची का ही थट्टा? पण ती भीती बोलून दाखवायची त्याची रीतच तशी होती.

पुढे ॲरिझोनातल्या एका रँचवर मोकळ्या हवेत काही महिने काढल्यावर प्रकृती सुधारली आणि १९३६ च्या शरदात तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. तिथे पोहण्याच्या संघासाठी निवड व्हायच्या वेळेसच तापाने पडला. टॉर्बर्ट मॅकडोनल्ड नावाचा मित्र त्याच्यासाठी चोरून खाणे आणी आणि सरावासाठी त्याला दवाखान्यातून हळूच तलावावर घेऊन जाई. एवढे करून निवड झाली नाहीच. शहाणपणाच्या दृष्टीने दोघांचेही वागणे चूक होते. पण आपण संघात असावे असे दुसऱ्या कोणाला इतके मनापासून वाटते, हे त्या मुलाला कळले. १९३७ च्या उन्हाळ्यात जॅक आणि लेम यांनी युरोपची सफर केली. लेमच्या खिशाला परवडावे म्हणून श्रीमंत बापाचा हा मुलगा स्वस्तातल्या खाणावळींत आणि साध्या खोल्यांत राहिला. आजारात लेमने सांभाळले, खर्चात जॅकने सांभाळून घेतले. कोणी कोणावर उपकार केले नाहीत, म्हणून ती मैत्री टिकली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. प्रकृतीमुळे सैन्याने नाकारलेला जॅक वडिलांच्या ओळखीने नौदलात शिरला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिक महासागरात त्याची बोट जपानी विनाशिकेने चिरडली, तेव्हा भाजलेल्या सहकाऱ्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून तो तासन्‌तास पोहला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ ज्यो विमानाच्या स्फोटात गेला आणि वडिलांच्या साऱ्या महत्त्वाकांक्षा दुसऱ्या मुलाच्या अशक्त खांद्यांवर आल्या.

१९४७ साली लंडनमध्ये केनेडी कोसळले आणि दुखण्याला अखेर नाव मिळाले. ॲडिसनचा विकार. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या छोट्या ग्रंथी असतात त्या निकामी होतात, शरीराला ताण सोसण्याचे बळ देणारी संप्रेरके तयार होत नाहीत, वजन उतरते, थकवा हटत नाही. परतीच्या प्रवासात प्रकृती इतकी बिघडली की धर्मगुरूंनी अंतिम संस्कारही केले. कॉर्टिसोन या नव्या औषधाने पुढची वर्षे दिली. आतड्याचे दुखणे, ॲडिसनचा विकार आणि पुढे आढळलेली थायरॉइडची मंदगती ही सगळी एकाच झाडाची फांदी असावी, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटली असावी, असे आजच्या काही डॉक्टरांचे मत आहे. लहानपणीच त्याची चाहूल लागली होती की काय, यावर चर्चा चालू आहे.

इथे मात्र शाळकरी वयातली ती हसून झाकण्याची सवय महाग पडू लागली. १९५४ साली पाठीच्या शस्त्रक्रियेत केनेडी मरता मरता वाचले. पुढच्या वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात त्या शस्त्रक्रियेची हकीकत आली, पण रुग्णाचे नाव न देता. १९६० साली प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातून या आजाराचा उल्लेख झाला तेव्हा त्यांच्या बाजूने तो साफ नाकारण्यात आला. क्षयामुळे होणारा जुन्या व्याख्येतला ॲडिसनचा विकार त्यांना नाही, एवढ्या आडोशावर वेळ निभावली. रोज अनेक गोळ्या घेणारा, एकांतात कुबड्या वापरणारा अध्यक्ष देशाला ठणठणीत म्हणून दाखवला गेला. मतदारांचा खरे जाणण्याचा हक्क डावलला गेला, हा ठपका त्यांच्यावर कायम राहील. मुलाने मित्रांत आपली जागा टिकवायला जे वापरले, तेच मोठेपणी सत्ता टिकवायला वापरले गेले. दोन्हींत फरक आहे. पहिल्या वेळी सगळे खरे ठाऊक असणारा एक मित्र तरी समोर होता.

आपल्या घरांतही अशी मुले आहेत. रोज इन्सुलिन टोचून घेणारी, दम्याचा पंप दप्तरात लपवणारी, विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या वस्त्यांतून सिकलसेलच्या कळा सोसत शाळेत जाणारी. औषधाची वेळ आपण चुकू देत नाही, रोझबाईंच्या कार्डांसारख्या फायली नीट लावतो. पण सहलीला त्याला नकोच पाठवायला, हे आपण चटकन ठरवून टाकतो. मुलगी असेल तर बाहेर कुणापाशी बोलू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल, हेही बजावतो. आपल्या मनात काळजीच असते. मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते, की आपला आजार ही लाजेची गोष्ट आहे आणि तो लपवणे हेच शहाणपण. साऱ्या गावाला सांगावे असे कोणी म्हणणार नाही. पण वर्गातल्या एखाद्या तरी मित्राला सगळे ठाऊक असावे, सुया आणि भीती धरून. आणि असा मित्र घरी आला तर त्याला खोलीच्या दाराशी अडवू नये. दोघे आत काय खिदळत आहेत ते ऐकायलाही जाऊ नये.

लेम बिलिंग्ज यांनी पुढे जाहिरात व्यवसायात नोकरी केली. केनेडी अध्यक्ष झाल्यावर त्यांनी देऊ केलेली सरकारी पदे लेमनी घेतली नाहीत. मित्राचा नोकर झालो तर मित्र उरणार नाही, असे त्यांना वाटले असावे. मात्र व्हाइट हाउसमध्ये त्यांचा मुक्काम इतका वरचेवर असे की तिथे त्यांची एक खोलीच ठरून गेली होती. १९८१ साली ते वारले. सतरा वर्षांच्या मुलाने इस्पितळाच्या खाटेवरून लिहिलेली ती चावट, घाबरलेली, हसरी पत्रे त्यांनी अखेरपर्यंत जपून ठेवली होती.